वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाय वोल्फ हाफकिन (१५ मार्च १८६० - २६ ऑक्टोबर १९३०) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले आणि पुढे ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारलेले जिवाणुशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन्ही रोगांवर त्यांनी लस तयार केली व त्या लसी प्रथम स्वतःच्या शरीरावर तपासून पाहिल्या. त्यांच्या आयुष्यातील वीस वर्षांहून अधिक काळ भारताशी निगडित होता. मुंबईतील परळ येथे त्यांनी उभारलेली प्रयोगशाळा आज हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळात एखादे नवे औषध जिवाणूविरुद्ध प्रयोगशाळेत कसे पारखावे आणि त्यानंतर ते माणसांवर कसे वापरावे, या प्रश्नाचा भारतातील पहिला मोठा अनुभव हाफकिन यांच्या कार्यातून मिळाला. त्या अनुभवात यश होते, तसेच एक मोठी दुर्घटनाही होती.

== प्रारंभीचे जीवन ==

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ रशियन नाव व्लादिमिर आरोनोविच खावकिन असे होते. शालेय शिक्षण बर्द्यान्स्क येथे झाल्यावर १८७९ मध्ये त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा सिद्धान्त मांडणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकॉव्ह.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी क्रांतिकारक गटाच्या संपर्कात आले. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा ज्यू वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये ते होते. त्यांना अटक झाली आणि मेचनिकॉव्ह यांच्या साक्षीमुळे त्यांची सुटका झाली. विद्यापीठातूनही त्यांना काढून टाकण्यात आले होते. शिक्षण पूर्ण झाल्यावर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास अध्यापकाची जागा मिळू शकेल, असे सुचवण्यात आले. ते त्यांनी नाकारले. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात, त्यांनी एकपेशीय जीवांवर काम केले. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हा येथे काही काळ शरीरक्रियाशास्त्राचे साहाय्यक म्हणून राहिल्यावर १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. मेचनिकॉव्ह त्यापूर्वीच तेथे आले होते. संस्थेत रिकामी जागा होती ती ग्रंथपालाच्या साहाय्यकाची. हाफकिन यांनी ती स्वीकारली आणि ग्रंथालयाचे काम सांभाळून उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

== पटकीची लस ==

पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातील संशोधनानंतर निश्चित केला होता. १८८५ मध्ये स्पेनमधील हाइमे फेरान यांनी जिवंत जंतूंची लस हजारो लोकांना टोचली होती, परंतु त्यांच्या पद्धतीत जंतूंची तीव्रता मोजण्याची सोय नव्हती आणि नोंदीही विश्वासार्ह नव्हत्या. हाफकिन यांनी नेमक्या याच उणिवेकडे लक्ष दिले. जंतू प्रयोगशाळेत वाढवत गेल्यास त्यांची मारकशक्ती कमीजास्त होत राहते. ती स्थिर नसेल, तर आज सुरक्षित ठरलेली मात्रा उद्या घातक ठरू शकते.

त्यांनी पटकीचे जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीतून एकामागून एक अशा अनेक प्राण्यांत संक्रमित केले. प्रत्येक टप्प्यावर जंतूंची तीव्रता वाढत गेली व अखेरीस ती एका ठरावीक पातळीवर स्थिरावली. याउलट ३९ अंश सेल्सियस तापमानात, सतत हवा देऊन वाढवलेले जंतू क्षीण झाले. प्रथम क्षीण आणि काही दिवसांनी तीव्र जंतू टोचल्यास गिनीपिग, ससे व कबुतरे रोगास दाद देत नाहीत, असे त्यांना आढळले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी क्षीण लसीची मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आणि टोचलेल्या जागी वेदना यापलीकडे काही झाले नाही. नंतर त्यांनी तीव्र लसही घेतली. त्यांच्या पाठोपाठ काही रशियन मित्रांनीही ती टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे आपले निष्कर्ष मांडले.

या स्वतःवरील प्रयोगाचे पुढे बरेच कौतुक झाले. मात्र त्याचा अर्थ मर्यादित होता. लस टोचल्याने माणूस मरत नाही एवढेच त्यातून सिद्ध झाले. ती रोगापासून वाचवते की नाही, हे जेथे रोग आहे अशा ठिकाणीच कळू शकणार होते. हे हाफकिन यांना पूर्णपणे ठाऊक होते. त्या वर्षी रशियात पटकीची मोठी साथ होती, पण तेथे काम करण्यास त्यांना परवानगी मिळाली नाही. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या पुढाकाराने हाफकिन यांना भारतात जाण्याची वाट मोकळी झाली.

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. परका, रशियन, त्यातून वैद्यकीय पदवी नसलेला माणूस सुई घेऊन फिरतो याबद्दल लोकांना जसा संशय होता, तसाच तो इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही होता. कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी मात्र त्यांना साथ दिली. चौधरी, घोष, चॅटर्जी आणि दत्त हे चार भारतीय डॉक्टर त्यांचे सहकारी होते. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काट्टल बागान वस्तीत एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. तेथील शंभराहून अधिक लोकांनी लस टोचून घेतली. त्यानंतर वस्तीत आढळलेले रुग्ण न टोचलेल्यांपैकी होते. ही बातमी पसरल्यावर विरोध काहीसा मावळला. आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत हाफकिन यांनी दौरे केले आणि १८९५ च्या मध्यापर्यंत ४२,००० हून अधिक लोकांना लस दिली. एकाच घरातील, एकाच तुकडीतील किंवा एकाच तुरुंगातील टोचलेले आणि न टोचलेले अशा दोन गटांची तुलना करण्याची पद्धत त्यांनी या दौऱ्यांत रूढ केली. मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे ते काही काळ इंग्लंडला गेले आणि १८९६ मध्ये भारतात परतले.

== मुंबईतील प्लेग आणि लसीची निर्मिती ==

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे निदान केले. तो प्लेग होता. शहरातून लाखो लोक गावाकडे निघाले आणि रोगही त्यांच्याबरोबर व धान्याच्या पोत्यांबरोबर लोहमार्गाने पसरला. पुढच्या काळात पुणे, सातारा, सोलापूर, धारवाड अशा जिल्ह्यांना प्लेगचे वारंवार तडाखे बसले. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये शोधला होता, परंतु त्यावर खात्रीचे औषध नव्हते. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून पाचारण केले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले.

भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या साधनांवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. कामाच्या ताणाने एका साहाय्यकाची प्रकृती कोलमडली आणि इतर काही जण सोडून गेले.

पटकीच्या लसीत जिवंत जंतू होते. प्लेगच्या बाबतीत हाफकिन यांनी मृत जंतू वापरण्याचे ठरवले, आणि त्यासाठी जंतूंची मोठ्या प्रमाणावर वाढ करणे आवश्यक होते. त्यांनी चंबूंमध्ये मांसरस भरून त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू या तरंगणाऱ्या थेंबांना चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे लोंबते खांब खाली यावेत, तशा धाग्यांच्या रूपाने रसात खाली उतरत. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसत व नवी वाढ सुरू होई. अशा प्रकारे काही आठवड्यांत रस जंतूंनी दाट होत असे. या पद्धतीचा दुसरा उपयोग ओळख पटवण्यासाठी होता. असे लोंबते धागे प्लेगच्या जंतूचे वैशिष्ट्य मानले गेले, त्यामुळे चंबूत दुसरा कोणता जंतू शिरला आहे काय याचा अंदाज नुसत्या डोळ्यांनीही घेता येई. त्यानंतर थोडा रस घन माध्यमावर पसरून शुद्धतेची वेगळी तपासणी होत असे. शेवटी सुमारे ६५ ते ७० अंश तापमानात एक तास तापवून जंतू मारले जात आणि टिकण्यासाठी अल्प प्रमाणात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई.

मांसरस बकऱ्याच्या मांसापासून बनवला जात असे. गोमांस वा डुकराचे मांस वापरल्यास हिंदू आणि मुसलमान दोघेही लस नाकारतील, हे हाफकिन यांनी ओळखले होते. तुपाची निवडही या देशात सहज मिळणारी आणि कोणाच्या भावना न दुखावणारी होती.

सशांवर प्रयोग यशस्वी झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे सर्वसाधारण माणसाला दिल्या गेलेल्या मात्रेच्या कितीतरी पट ही मात्रा होती. त्यांना तीव्र ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे दीडशे जणांना लस देण्यात आली. त्याहून थोड्या अधिक जणांना ती दिली नाही. न टोचलेल्यांमध्ये १२ जणांना प्लेग झाला व ६ मरण पावले. टोचलेल्यांमध्ये लस लागू झाल्यानंतरच्या काळात २ जणांना रोग झाला आणि कोणीही दगावले नाही. तुरुंगातील माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला गेला नाही. आजच्या वैद्यकीय नियमांत अशा चाचणीला सहजासहजी मान्यता मिळणार नाही.

याहून स्पष्ट पुरावा बडोदे संस्थानातील उंधेरा गावातून आला. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग चालू असताना हाफकिन यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली. अन्न, पाणी, घर आणि घरातील उंदीर दोन्ही गटांना सारखेच. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले व ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले व त्यांतील २६ मेले. एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांमधील हा फरक होता. लस पूर्ण संरक्षण देत नाही, हेही याच आकड्यांवरून उघड झाले.

== लोकमत आणि प्रसार ==

मुंबई प्रांतात प्लेग हा केवळ वैद्यकीय विषय राहिला नव्हता. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली घरांची झडती, सामानाची जाळपोळ, स्त्रियांची तपासणी आणि सक्तीचे विलगीकरण सुरू झाले. पुण्यात गोऱ्या सोजिरांच्या वर्तनामुळे उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. अशा वातावरणात सरकारी सुईबद्दल अफवा पसरणे स्वाभाविक होते. लस ऐच्छिक असावी आणि लोकांना पटवून द्यावी, अशी हाफकिन यांची भूमिका होती. सक्तीच्या उपायांमुळे चिडलेल्या लोकांना हा फरक मात्र नेहमीच जाणवला असे नाही.

खोजा समाजाचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. परिणामी त्या समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. १८९८ मध्ये हुबळी येथेही फार मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले. सर टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने लसीची उपयुक्तता मान्य केली, पण प्रत्येक मात्रेत नेमके किती जंतू आहेत याचे काटेकोर मापन होत नाही, असा आक्षेपही नोंदवला. तो आक्षेप निराधार नव्हता. लस टोचल्यावर किती ताप येतो यावरून मात्रा ठरवण्याची त्या वेळची रीत फारच ढोबळ होती.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. एका व्हरांड्यातून सुरू झालेले काम तीन वर्षांच्या आत राजवाड्यात आले होते. १८९७ मध्ये हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला होता. प्रयोगशाळेचे ते संचालक झाले.

== मुलकोवाल दुर्घटना ==

१९०२ मध्ये पंजाब सरकारने लक्षावधी लोकांना लस देण्याची योजना आखली आणि परळकडे प्रचंड मागणी नोंदवली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धतीत बदल केले. त्यांतील एक म्हणजे केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करून कार्बोलिक आम्ल वगळणे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत आधीपासून वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून मात्रा मिळाली होती. आठवडाभरानंतर या १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व मरण पावले. अन्य बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही.

धनुर्वाताचे बीजाणू त्या बाटलीत कोठे शिरले, परळमध्ये की मुलकोवालमध्ये, हा सगळ्या वादाचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, असे मत आयोगाने दिले व कार्बोलिक आम्ल वगळण्याच्या निर्णयाला दोष दिला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले. ते इंग्लंडला गेले आणि पुढील काही वर्षे बिनपगारी अवस्थेत आपली बाजू मांडत राहिले.

आयोगापुढे आलेल्या साक्षीतच एक महत्त्वाची गोष्ट होती. बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर तापवायला हवा होता. त्याने तो कार्बोलिकच्या द्रावणात नुसता बुडवून त्याच चिमट्याने बूच काढले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात व अशा द्रावणात क्षणभर बुडवल्याने ते मरत नाहीत. लसीत मिसळल्या जाणाऱ्या अल्प आम्लानेही ते मेले नसते, तेव्हा आम्ल वगळण्यामुळे अपघात झाला हा तर्क टिकणारा नव्हता. शिवाय बाटली परळहून भरून निघाल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस लोटले होते. एवढ्या काळात तिच्यात धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर बूच काढताच दुर्गंधी आली असती. लस टोचणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी जाणवली नव्हती.

आयोगाचा अहवाल १९०६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर इतर शास्त्रज्ञांना ही साक्ष तपासता आली. मलेरियाचा प्रसार डासांमार्फत होतो हे भारतात राहून सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू घेतली. जुलै १९०७ मध्ये रॉस, सिम्पसन आणि अन्य नामवंत जिवाणुशास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला व त्यांना पुन्हा भारतात नेमणूक देण्यात आली. एका निरपराध ज्यू अधिकाऱ्यावर फ्रान्समध्ये झालेल्या अन्यायाची आठवण करून देणारे म्हणून या प्रकरणाला काहींनी छोटे ड्रायफस प्रकरण म्हटले आहे. या चर्चेत मुलकोवालची ती १९ माणसे मात्र बहुतेक लेखनात केवळ संख्या म्हणूनच उरली आहेत.

== उत्तरायुष्य ==

मुंबईतील जागा रिकामी नसल्याने हाफकिन यांची नेमणूक कलकत्त्यात झाली. तेथे त्यांना संशोधनाची मुभा होती, पण लसींच्या प्रत्यक्ष चाचण्या घेण्याचा अधिकार नव्हता. ज्या माणसाचे सारे कार्य प्रयोगशाळा आणि गाव यांच्या दरम्यान चालत आले, त्याला केवळ प्रयोगशाळेत बसवण्यात आले होते. निर्दोष ठरल्यानंतरची ही सुमारे सात वर्षे त्यांच्या शास्त्रीय कारकिर्दीतील सर्वांत निष्फळ म्हणावी लागतील. निवृत्तीनंतर ते युरोपात परतले.

उत्तरायुष्यात ते धर्माकडे अधिक वळले आणि पारंपरिक ज्यू आचाराचे समर्थन करणारा एक निबंध त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या मदतीसाठी त्यांनी आपली संपत्ती एका निधीत दिली. ते अविवाहित होते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

== संस्था आणि स्मृती ==

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले. १९२५ मध्ये, तत्कालीन संचालक कर्नल एफ. पी. मॅकी यांच्या प्रयत्नाने, तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. हाफकिन तेव्हा हयात होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या.

लस प्लेग टाळण्यासाठी होती. एकदा रोग झाल्यावर तिचा उपयोग नव्हता. ती उणीव भरून काढण्याचे कामही याच संस्थेत झाले. पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांच्या कारकिर्दीत, १९४० च्या सुमारास, सल्फाथायाझोल आणि त्याच वर्गातील अन्य औषधे प्लेगची लागण केलेल्या प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर तपासण्यात आली आणि मृत्यूंचे प्रमाण घटवण्यात त्यांना यश आले. १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने त्यानंतर प्लेगच्या उपचारात मुख्य स्थान मिळवले. १९५० च्या दशकात पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी क्षेत्रात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.

भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. १९७५ मध्ये संस्थेचे दोन भाग करण्यात आले: संशोधन, प्रशिक्षण व चाचणीचे काम मूळ संस्थेकडे राहिले आणि लसींचे उत्पादन हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. दोन्हींचे काम आजही परळच्या त्याच आवारात चालते.